सुटून आलेला मनुष्य : समज आणि वस्तुस्थिती

तुरुंगातून घरी परतलेल्या मनुष्याविषयी आपल्याकडे मते उदंड असतात आणि माहिती बेताची. ‘तो आत जाऊन आलाय’ एवढे एक वाक्य गावात पसरले, की त्याचा गुन्हा शाबीत झालाच असे धरून चालण्याचा प्रघात आहे. वस्तुतः २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्या सुमारे पावणेसहा लाख बंद्यांपैकी शेकडा ७५ हून अधिक ‘कच्चे कैदी’ होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता आणि कायद्याच्या दृष्टीने जे तोवर निर्दोषच होते, असे लोक. त्यांतले कित्येक तर जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार मिळेना, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला हाती येईना, म्हणून आत राहिलेले असतात.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, आणि दिवस-रात्र निराळे मोजले की प्रत्यक्षात सातच, हे चावडीवरचे गणित तर साफ खोटे आहे. जन्मठेप म्हणजे उर्वरित सारे आयुष्य, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर दिला. ज्या गुन्ह्यास देहान्त शासनही होऊ शकते, त्यातील जन्मठेपेचा कैदी १४ वर्षे प्रत्यक्ष भोगल्यावाचून सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. ती सुटकेची हमी नव्हे.

शिक्षा झालेल्याचे नागरिकत्वाचे हक्क कायमचे बुडतात, हा समजही असाच. मतदानाला बंदी आहे ती तुरुंगात असेपर्यंत. बाहेर येताच तो हक्क पुनश्च प्राप्त होतो. दोन वा अधिक वर्षांची शिक्षा झालेल्यास निवडणूक लढविता येत नाही ती सुटकेनंतर ६ वर्षे. आणि नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात तितकीच शिक्षा झाली असल्यास पारपत्र नाकारता येते ते शिक्षेच्या तारखेपासून ५ वर्षांपर्यंत. कायद्याने या प्रत्येक अपात्रतेला मुदत घातली आहे. मुदत नसते ती घरमालकाच्या आणि कारखानदाराच्या नकाराला.

‘असल्या माणसाला कुलपाबाहेर ठेवणे म्हणजे आपत्तीला आमंत्रण’ असे म्हणणाऱ्या सद्गृहस्थांनी एकदा माणदेशात जाऊन यावे. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट बहुतेकांनी पाहिला असेल, पण त्यातली कैद्यांवर टाकलेल्या विश्वासाची गोष्ट केवळ कविकल्पना होती असे मानणारेच फार. १९३९ साली औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याच्या साह्याने माणदेशातल्या आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत स्थापिली. तिला तटबंदी नाही, आणि खुनासारख्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारे कैदी तेथे बायकामुलांसह राहून, जमीन कसून, मुलांना शाळेत धाडून, दिवस कंठीत आले आहेत. चित्रपटाची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलुखातले, तेव्हा हा प्रयोग त्यांना परका नव्हता. संस्थान विलीन झाले, परंतु वसाहत टिकली. विश्वास ही भाबड्या साधुपुरुषांची लहर नसून तुरुंगप्रशासनाची एक कसोटीस उतरलेली पद्धत आहे, असे माझे मत या एका गावावरून झाले. भिंतीवाचून जो वर्षानुवर्षे राहिला, त्याला सुटल्यावर गोदामाची किल्ली देण्यास हरकत कोणती, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

खासगी मालकाने अशा मनुष्यास नोकरीवर ठेवू नये असा सरसकट निर्बंध कायद्यात नाही. सरकारी भरतीतही शिक्षेची माहिती खरी द्यावी, दडवू नये, आणि गुन्ह्याचे स्वरूप पाहून निर्णय व्हावा, अशीच न्यायालयाची दृष्टी आहे.

खरी अडचण पुष्कळदा कागदाची असते. दीर्घकाळ आत राहिलेल्याचे नाव शिधापत्रिकेवरून उतरलेले असते, मतदार यादीतून गळालेले असते, आणि पत्त्याचा पुरावा नाही म्हणून बँकेतले खातेही उघडत नाही. आपल्या आळीत असा कोणी परतला असेल, तर चार उपदेशांपेक्षा एक दिवस त्याच्यासोबत तहसील कचेरीत जावे, शिधापत्रिकेचा अर्ज लिहून द्यावा, आणि मतदार नोंदणीचा नमुना क्रमांक ६ भरून द्यावा. त्या नमुन्याला शुल्क नाही.