भिंतीवरचा पट्टा

पावसाळ्यानंतर गिरगाव-परळच्या भिंतींवर शेवाळ वाळून काळे पडते. हल्ली ते पाण्याच्या फवाऱ्याने धुतात. पंपातला दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपट असू शकतो. रंगावर पट्टा उमटला, की दोष मजुराच्या माथी येतो. त्याची मजुरी कापण्याआधी आपण पट्ट्याचा रंग पाहू. पण भिंत वाळल्यावर, कारण ओली भिंत गडदच दिसते.

पट्टा भोवतालापेक्षा गडद असेल, तर थर शाबूत आहे. उन्हातील अतिनील किरणांनी रंगाचे कण धरून ठेवणारे बंधक द्रव्य विघटित होते व पृष्ठभागावर भुकटी सुटते. कोरड्या भिंतीवरून तळहात फिरवा, ती हाताला लागेल. पट्ट्यातली भुकटी निघाली, एवढेच. सगळी भिंत मऊ ब्रशने सारखी धुवावी.

पट्टा पांढरा असेल, तर मात्र रंग निघून पुट्टी उघडी पडली आहे. फवारा फार जवळून मारला गेला. तेथे पुन्हा धुऊ नये. प्रायमर लावून भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवावी. विटलेल्या रंगात नव्याचे ठिगळ लपत नाही.

जुन्या चाळींतील चुन्याच्या सफेदीत असे बंधक द्रव्य नसतेच. हवेतील कार्बन डायऑक्साइडने कठीण झालेला तो पातळ थर. तेथे फवारा नको, ब्रशच बरा.