जुनी मालमोटार आणि धुराची परीक्षा

मालमोटार जुनी झाली म्हणजे ती काळा धूर ओकणारच, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. धुराचें खरें कारण अपुरें ज्वलन हें होय. आणि तें बहुतेक वेळां सुधारतां येतें.

डीझेल इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्यानें हवा दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं, तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. तेलाच्या मानानें हवा कमी पडली, किंवा बारीक फवाऱ्याऐवजीं थेंब पडूं लागले, तर तेल अर्धवट जळून काजळी धरते. कंदिलाची वात फाजील वर केली असतां कांच काळवंडते, तोच हा प्रकार.

भारतांत जुन्या डीझेल मोटारीजवळ पी. यू. सी. प्रमाणपत्र असावें लागतें. डीझेल गाडीची परीक्षा ती उभी असतांनाच होते. इंजिन तापवून, गिअर न घालतां, ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात, आणि निघालेल्या धुरांतून सोडलेला प्रकाश किती अडतो हें यंत्र मोजतें. असें अनेकदां करून सरासरी काढतात. भारत स्टेज-४ पूर्वीच्या गाड्यांस हार्ट्रिज मापावर ६५, तर स्टेज-४ च्या गाड्यांस ५० ही मर्यादा आहे.

धुराचा रंग रोग सांगतो. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. तापलेल्या इंजिनांतूनही पांढरा धूर येत राहिला, तर तेल न जळतां बाहेर पडत आहे किंवा आंत पाणी शिरत आहे.

तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करावी. प्रथम एअर फिल्टर पाहावा. तो धुळीनें कोंदला असल्यास बदलावा. टर्बो असल्यास त्याचा होजपाइप फाटलेला नाहीं ना, हें पाहावें. नंतर टॅपेट बरोबर करून घ्यावेत. मग नोझल काढून हातपंपावर तपासावेत. फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे, थेंब गळतां कामा नये. शेवटीं पंपाचें टायमिंग आणि तेलाचें प्रमाण कारखान्याच्या मापाप्रमाणें लावून घ्यावें. निळा धूर मात्र बहुधा रिंगांची झीज दाखवितो. तेथें इंजिन उघडण्यावांचून गत्यंतर नसतें. परीक्षेला जातांना गाडी कांहीं मैल चालवून न्यावी. थंड इंजिन विनाकारण धूर देतें.

येथें एक मोह आडवा येतो. परीक्षेपुरता पंपाचा स्क्रू पिळून तेल कमी करावयाचें, आणि प्रमाणपत्र हातीं येतांच जादा ओझें ओढण्यासाठीं तें पुन्हां वाढवावयाचें! एकाच गाडीवर ज्याचा संसार चालतो, त्याची अडचण समजण्यासारखी आहे. परंतु त्यांत त्याचेंही हित नाहीं. काळा धूर म्हणजे पैसे मोजून घेतलेलें, पण कामास न आलेलें तेल होय. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डीझेलचा धूर मनुष्यास कर्करोगकारक ठरविला आहे. आणि तो सर्वांत अधिक ज्यांच्या छातींत जातो, त्यांत त्या गाडीचा चालक आणि क्लीनरही असतात. प्रमाणपत्राचा कागद काचेमागें लावतां येतो. पण रस्त्यावर धांवतें तें इंजिनच, आणि म्हणून दुरुस्ती त्याचीच झाली पाहिजे.