चौथे मॉड्यूल कशासाठी?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला. बहुतेक रुग्णालयांनी जनरेटरवर वेळ निभावून नेली. त्याच दिवशी मुलुंडच्या एका रुग्णालयात मात्र जनरेटरलाच आग लागली व रुग्णांना अन्यत्र हलवावे लागले. पर्यायी व्यवस्था असूनही ती एकाच यंत्रावर विसंबलेली असेल, तर धोका केवळ जागा बदलतो.

वीज गेल्यानंतर जनरेटर सुरू होऊन भार उचलेपर्यंत साधारणतः दहा सेकंद जातात. तेवढा अवधी यूपीएसच्या बॅटऱ्या भरून काढतात. आपल्या अतिदक्षता विभागास व शस्त्रक्रियागृहांस आजवर एकच मोठा यूपीएस होता. गेल्या पावसाळ्यात त्याचे एक कार्ड निकामी झाले आणि सुटा भाग येईपर्यंत दोन रात्री सर्व उपकरणे थेट बाहेरच्या विजेवर चालवावी लागली. वीज गेली नाही, हे आपले भाग्य. व्हेंटिलेटरना स्वतःची बॅटरी असते खरी, परंतु जुन्या यंत्रांतील बॅटरीवर कोण विसंबणार? परिचारिका भगिनी अंबू बॅग हाताशी ठेवून जागत होत्या.

नव्या मॉड्युलर यूपीएसमध्ये एकाच कपाटात २० किलोवॅटची चार मॉड्यूल आहेत. आपला भार ६० किलोवॅटच्या आत असल्याने तीन पुरेशी आहेत. मग चौथ्याचा खर्च कशासाठी, असा प्रश्न विश्वस्तांच्या सभेत निघाला व तो रास्तच होता. चारही मॉड्यूल भार वाटून घेतात. एक बिघडले, की उरलेली तीन त्याच क्षणी तो पेलतात आणि पुरवठा न थांबवता बिघडलेले मॉड्यूल काढून दुसरे बसविता येते. यंत्रे वाढली म्हणजे त्यांतील एखादे बिघडण्याची शक्यता उलट वाढतेच. टळते ते सर्व काही एकदम बंद पडणे.

अर्थात बॅटऱ्या सामाईक राहिल्या असत्या, तर हा सारा खटाटोप व्यर्थ ठरला असता. म्हणून त्यांचे दोन स्वतंत्र संच केले आहेत. दुसरा धोका अधिक फसवा आहे. नवनवी उपकरणे जोडत भार ६० किलोवॅटच्या वर गेला, की चौथे मॉड्यूल राखीव उरत नाही, आणि वरकरणी सर्व सुरळीतच दिसते. यास्तव दर सोमवारी प्रत्यक्ष भाराची नोंद वहीत केली जाते. नवे उपकरण देणगीदाखल स्वीकारण्यापूर्वीही आता ही वही पाहिली जाते.