खिडकीतला उजेड

परवा लेकीचा चेहरा अगदी उतरला होता. जावई मस्कतला. सात महिन्यांच्या बाळाला त्यांनी अजून मांडीवर घेतलेलं नाही. पासपोर्टची अपॉइंटमेंट चार दिवसांवर आली, आणि बाळाचा फोटोच धड येईना!

मोठ्यांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रात तिथल्या तिथे काढतात. पण ४ वर्षांच्या आतल्या मुलांचा आपणच न्यायचा असतो. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर, मागे पांढरं. स्टुडिओत फ्लॅश उडाला की आमचे चिरंजीव भोकाड पसरायचे. म्हणून मी रात्री घरीच, ट्यूबलाइटखाली, भिंतीला टेकवून मोबाइलवर फोटो काढला. प्रिंटला नेला तर फोटोवाले काका म्हणाले, "ताई, मागे डोक्याएवढी सावली दिसतेय. हा चालायचा नाही."

मग त्यांनीच समजावलं. दिवा डोक्यावर असला की डोळ्यांखाली, हनुवटीखाली अंधार येतो. भिंतीला चिकटून बसलं की सावली भिंतीवर पडते. उजेड मऊ आणि पसरलेला हवा. तो खिडकीत फुकट मिळतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बाळ दूध पिऊन खुशीत होतं. खिडकीतून थेट ऊन येत होतं, म्हणून पातळ पांढरा पडदा ओढला. घरातले दिवे बंद केले, नाहीतर रंग पिवळट येतो. खाली इस्त्रीची पांढरी चादर दुहेरी अंथरली. बाळाचं डोकं खिडकीकडे. पायाशी लेकीने ह्यांचं पांढरं धोतर ताणून धरलं. त्यावरून परतलेल्या उजेडाने हनुवटीखालचा अंधार गेला. मी बाजूला उभी राहिले, माझी सावली पडू नये म्हणून. फ्लॅश बंद.

आता सासूबाई अडल्या. "काजळ-तीट पुसायची नाही!" शेवटी दोन मिनिटांच्या बोलीवर तयार झाल्या. फोटो निघाला, त्याच क्षणी तीट पुन्हा गालावर!

मैत्रिणींनो, अर्जासाठी मोठ्यांचा फोटो घरी काढायचा असेल, तर त्यांना खिडकीकडे तोंड करून, भिंतीपासून दोन-तीन हात पुढे बसवा. मोबाइल फार जवळ नेऊ नका, नाक मोठं दिसतं.

काकांनी यावेळी फोटो बघून मान डोलावली. लेकीने तो लगेच मस्कतला पाठवला. जावयांचा फोन आला, "आई, कान अगदी माझे आहेत हो!"

सावलीत ते कुणाला दिसलेच नव्हते.