ड्रमशिवायचा ठेका

‘एक्स्ट्रीम’ या अमेरिकी हार्ड रॉक बँडच्या ‘मोअर दॅन वर्ड्‌स’ या गाण्याच्या कृष्णधवल व्हिडिओत सुरुवातीलाच पॉल गिअरी ड्रमच्या काड्या खाली ठेवतो आणि पॅट बॅजर बेस गिटार बाजूला करतो. उरतात दोघे: गायक गॅरी शरोन आणि अकौस्टिक गिटार मांडीवर घेतलेला नुनो बेटनकोर्ट. पुढे ड्रमर आणि बेसवाला पुन्हा दिसतात ते पेटते लायटर धरून बसलेले. जोनाथन डेटन आणि व्हॅलरी फॅरिस या दिग्दर्शक जोडीने (पुढे ‘लिटल मिस सनशाइन’ हा चित्रपट केला तो यांनीच) गंमत अगदी सरळ मांडली आहे: आज दणदणाटाला सुट्टी. पण नजर नुनोच्या उजव्या हातावर ठेवली, की सुट्टी कुणालाच मिळालेली नाही हे ध्यानात येतं. ड्रम आणि बेस दोघांचंही काम तो हात उरकतो आहे.

हे मला नीट दिसलं ते पुण्यातल्या एका गिटार क्लासमध्ये. सर ओळखीचे, त्यामुळे मागच्या खुर्चीत बसून बघायची मुभा. कॉलेजची पोरं येतात आणि चार कॉर्ड जमल्या, की हेच गाणं मागतात. सरांचा पहिला हुकूम ठरलेला: सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा. मूळ गाणं तसंच आहे. त्या काळच्या अनेक हार्ड रॉक बँडांची ही रीत. गायकाला वरचे स्वर थोडे सोपे जातात, तारांचा ताण सैल होतो आणि लाकडाचा आवाज किंचित भारदस्त निघतो.

दुसरा हुकूम पोरांना आवडत नाही. “अरे, डावा हात काही धरायचा नाही. तळवा नुसता तारांवर टेकव.” तारा मुक्या होतात, सूर निघत नाही, निघतो फक्त आघात. मग उजवा हात. पहिल्या मात्रेवर अंगठा खर्जाच्या तारेवर आणि त्याच क्षणी पुढची तीन बोटं तीन तारांवर, एकदम. दुसऱ्या मात्रेवर तोच हात तारांवर पडतो: थप्. तिसरीवर पुन्हा तारा, चौथीवर पुन्हा थाप. मिनिटाला साधारण नव्वद मात्रा. मेट्रोनोम लावून असं बराच वेळ चालतं. खोलीत गाणं नसतं, नुसता ठेका असतो.

आपल्याकडच्या कानाला इथे एक अडचण येते. टाळी समेवर द्यायची, हे अंगात मुरलेलं. पहिल्या मात्रेवर वजन टाकावं, असं हाताला आपोआप वाटतं. रॉकमध्ये ड्रमरचा स्नेअर वाजतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि या गाण्यातली थाप नेमकी तिथेच पडते. पोरांचा हात पहिलीकडे धावतो, सर बोटाने टेबलावर दुसरी-चौथी ठोकत राहतात. थाप जोरात बसली तर पुढचा सूर गुदमरतो, हलकी बसली तर ती ऐकूच येत नाही. शिवाय ती वेळेवर पडून भागत नाही. आधीच्या कॉर्डचा नाद तिने तिथल्या तिथे तोडायला हवा. गाण्यातला ‘दम’ त्या तुटण्यात आहे.

डावा हात येतो तो यानंतर, आणि तो बराच सोपा निघतो. जी कॉर्डवरून पुढे जाताना अनामिका आणि करंगळी वरच्या दोन तारांवर, तिसऱ्या फ्रेटवर, ठाण मांडून राहतात. वरचे दोन स्वर तेच, खालचा खर्ज मात्र सरकतो: जी, मग बी, मग सी, मग ए. बाजूला ठेवलेली बेस गिटार ती हीच, ती आता अंगठ्याकडे आली आहे. ध्रुवपदात एक जागा अशी, की तिथे सर हटकून थांबवतात. सी मेजर कॉर्ड क्षणात सी मायनर होते. जीला षड्ज मानलं, तर शुद्ध धैवत कोमल होतो आणि लगेच पुन्हा घरच्या कॉर्डवर येणं. एका स्वराचा फरक, पण तोवर सरळ बोलणारं गाणं तिथे जरा दुखरं होतं.

हा हात घडला कुठे, हे पाहिलं की गाण्याची गोष्ट कळते. नुनोचा जन्म पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचा. कुटुंब अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये आलं आणि १९८५ मध्ये बॉस्टनला ‘एक्स्ट्रीम’ बँड उभा राहिला. ऑगस्ट १९९० मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्‌सने त्यांचा दुसरा अल्बम, ‘पोर्नोग्राफिटी’, काढला. निर्माता मायकेल वॅगनर, म्हणजे ‘स्किड रो’ आणि ‘व्हाइट लायन’ यांच्या अल्बमवर काम केलेला माणूस. अल्बमचा मूळ स्वभाव फंक मेटलचा. पुढे आलेली गाणी होती ‘डेकडन्स डान्स’ आणि ‘गेट द फंक आउट’. त्यातच ‘फ्लाइट ऑफ द वुंडेड बंबलबी’ हा नुनोचा भन्नाट वेगाचा तुकडा आहे, गिटारवाले आजही त्यावर बोटं झिजवतात. अशा गदारोळात हे साडेपाच मिनिटांचं शांत गाणं बसलं होतं. शरोन आणि बेटनकोर्ट यांनी ते मिळून लिहिलं. प्रेम नुसतं बोलून दाखवू नकोस, वागण्यात दिसू दे, एवढीच त्यातली मागणी.

हार्ड रॉक बँडने हळवं गाणं करणं तेव्हा नवं नव्हतं. साचाच तयार होता: सुरुवात हळू, मग ड्रमचा प्रवेश, मग विजेच्या गिटारचा लांबलचक सोलो. ‘पॉयझन’चं ‘एव्हरी रोज हॅज इट्स थॉर्न’ १९८८ च्या अखेरीस याच वाटेने पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘गन्स एन रोझेस’ने ‘पेशन्स’मध्ये ड्रम गाळले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत चौथा क्रमांक गाठला, तिथे अकौस्टिक गिटारी तीन होत्या. एक्स्ट्रीमने आणखी काढून टाकलं. कानावर येते ती एक गिटार आणि दोन गळे: शरोनची चाल, तिच्यावर नुनोचा वरचा स्वर. ड्रम आता येतील, मग येतील, असं वाटत राहतं आणि ते येतच नाहीत. तरी गाणं ढिलं पडत नाही, कारण दुसरी आणि चौथी मात्रा कुणीतरी सांभाळते आहे.

१९९१ च्या वसंतात ते सिंगल म्हणून निघालं आणि ८ जूनला बिलबोर्डच्या हॉट हंड्रेड यादीत पहिलं आलं, एका आठवड्यापुरतं. ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. पाठोपाठ बारा तारांच्या गिटारवरचं ‘होल हार्टेड’ अमेरिकेत चौथं आलं. लोकांच्या मनात बँडची ओळख मऊ गाण्यांचा बँड अशी पक्की झाली. २० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लीत फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ झालेल्या मैफलीत एक्स्ट्रीमने क्वीनच्या गाण्यांची दणकेबाज माळ वाजवली, आणि त्याच मंचावर शरोन आणि नुनो हे गाणंही गायले. दोन टोकं एका संध्याकाळी सामावली, पण लोकांनी बहुतेक एकच टोक घरी नेलं. १९९६ मध्ये बँड मोडला, पुढे पुन्हा जुळला आणि २०२३ मध्ये ‘सिक्स’ हा अल्बम आला.

क्लासमध्ये मात्र सर ही दोन टोकं वेगळी ठेवत नाहीत. पोराला ‘मोअर दॅन वर्ड्‌स’ जमलं, की पुढचा धडा ‘गेट द फंक आउट’. गिटारची वायर अँपला जोडायची, बोटांऐवजी पिक धरायचा. पोरगं बिचकतं, हे आपलं काम नाही म्हणतं. सर डाव्या तळव्याने तारा मुक्या करायला लावतात आणि मोजायला सांगतात. रिफच्या सुरांमध्ये मुक्या तारांचे आघात भरायचे असतात, आणि हात ते आधीच शिकलेला असतो: कुठे वाजवायचं त्याहून कुठे तोडायचं याचा हिशेब. मऊ गाणं शिकायला आलेल्यांना सर पहिल्या दिवसापासून फंकच शिकवत असतात, फक्त सांगतात उशिरा.