गिअर पडला की माना हलतात?

लायसन्स हातात आलंय, पण स्वतःची गाडी सिग्नलला दोनदा बंद पडतेय आणि मागचे हॉर्न थांबत नाहीयेत? यात तुमचा दोष कमीच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतात. गाडी आपण उचलतोय असं तुम्हाला वाटत होतं. बरंचसं काम शेजारच्या सीटवरून चाललेलं!

तर क्लचचा फंडा असा. पेडल दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स सुटे होतात, सोडलं की जुळतात. अधेमध्ये कुठेतरी पकड सुरू होते. ती जागा प्रत्येक गाडीत वेगळी, म्हणून मित्राची गाडी हातात आली की आपण पुन्हा नवशिके. रविवारी सकाळी रिकाम्या, सपाट पार्किंगमध्ये अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता क्लच सावकाश सोडा. इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी किंचित थरथरते. तीच ती जागा. टाच जमिनीला टेकवून तिथे क्षणभर थांबा, मगच पूर्ण सोडा. दहा-वीस वेळा करा, पायाला कळतं.

वरचे गिअर लवकर जमतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नॉब आवळू नका, तळव्याने सरळ पुढे ढकला. स्प्रिंग त्याला आपसूक मधल्या रांगेत आणते.

खरी परीक्षा तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना. तोच स्पीड, पण खालच्या गिअरमध्ये इंजिनाला जास्त जोरात फिरावं लागतं. क्लच पटकन सोडला की चाकं इंजिनाला ओढतात आणि मागे बसलेल्या आईची मान हलते. जुने ट्रकवाले यासाठी डबल क्लच मारायचे. आपल्या गाड्यांत गिअरचे दाते जुळवायला सिंक्रोमेश असतो (1928 मध्ये तो कॅडिलॅकने आणला), पण इंजिनाचा वेग तुम्हीच जुळवायचा. म्हणून आधी ब्रेकने स्पीड कमी, मग गिअर, आणि क्लच सोडताना अ‍ॅक्सिलरेटरला हलकासा स्पर्श. बस्स.

चढावरच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं मात्र बंद करा. स्टाइल वाटते, पण क्लचप्लेट झिजते आणि जळका वास केबिनभर पसरतो. हँडब्रेक ओढा. निघताना पकड आली, इंजिन जड झालं की मगच सोडा.

आणि वीकेंडला बोरघाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल? अजिबात नाही. इंजिनाचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून ऐन वळणावर दगा देऊ शकतात. जो गिअर चढायला लागला असता, तोच उतरताना ठेवा. तोही उतार सुरू होण्याआधीच टाकलेला.