बाळ उशिरा रडले, म्हणजे नेमके काय झाले?

वस्तीत एखादे मूल वर्षाचे झाले तरी मान धरत नाही, बसत नाही. विचारले की घरचे सांगतात, "जन्मल्यावर उशिरा रडले, काचेत ठेवले होते." त्यापुढे कोणी विचारत नाही. काही घरांत तर दोष आईच्याच माथी मारला जातो. ग्रहणात बाहेर गेली, नीट जपले नाही, मागच्या जन्मीचे भोग. आपण कार्यकारणभाव मानणारी माणसे आहोत. बाळाच्या मेंदूला इजा झाली असेल तर त्याला कारण असते. कधी ते कोणाच्याही हातात नसते, तर कधी दवाखान्यात वेळेवर लक्ष दिले गेले नाही हे ते कारण असते. यातले कोणते खरे, हे रागावरून ठरत नाही. ते वेळेच्या नोंदींवरून आणि कागदांवरून ठरते.

इजा कशी होते?

पोटातल्या बाळाला प्राणवायू वारेतून आणि नाळेतून मिळतो. नाळ दाबली गेली, वार आधीच सुटली, गर्भाशय फाटले किंवा कळा फार वेळ अडून राहिल्या, तर बाळाच्या मेंदूला प्राणवायू आणि रक्त कमी पडते. असे बाळ जन्मतः ढिले असते, श्वास घेत नाही, रडत नाही. पहिले मिनिट इथे फार मोलाचे असते. बाळाला पुसून, ऊब देऊनही ते श्वास घेत नसेल, तर त्या मिनिटाच्या आतच फुगा आणि मास्क लावून श्वास द्यायला सुरुवात करावी लागते.

जन्मानंतरही इजा होऊ शकते. कावीळ फार वाढली आणि प्रकाशाखाली ठेवायला उशीर झाला, तर ती मेंदूत उतरते. दूध न मिळाल्याने रक्तातली साखर उतरली किंवा जंतुसंसर्ग झाला, तरी मेंदूला धोका असतो. म्हणून जन्मल्यावर तासाभरात आईचे दूधच द्यावे. मध, गुटी, साखरपाणी देऊ नये.

दवाखान्यात काय व्हायला हवे?

कळा नीट सुरू झाल्यावर बाळाचे ठोके निदान दर अर्ध्या तासाने ऐकायचे असतात. बाळ बाहेर यायच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी. साधारणपणे ठोके मिनिटाला 110 ते 160 असतात. ते घसरत असतील, पाणी हिरवट आले असेल किंवा कळा पुढे सरकत नसतील, तर निर्णय घ्यावा लागतो: सिझर करायचे की मोठ्या दवाखान्यात पाठवायचे. या सगळ्याची नोंद पार्टोग्राफ नावाच्या तक्त्यावर होते. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाला 10 पैकी गुण देतात. त्याला अपगार म्हणतात.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोले किंवा जामखेडहून नगर गाठायचे तर वाटेत बराच वेळ जातो. त्यामुळे पुढे पाठवण्याचा निर्णय किती वाजता झाला आणि गाडी किती वाजता निघाली, हेही महत्त्वाचे. 108 ची गाडी मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली प्रसूती, सिझर, औषधे, रक्त आणि आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद सोबत न्यावेत. कारखान्याच्या भागातल्या आशाताईंकडे नाव सांगून ठेवावे.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

बाळ ओढून दूध पीत नाही, अंग फार ढिले किंवा फार ताठ आहे, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला आहे: त्याच दिवशी दवाखाना. झटके दर वेळी मोठे नसतात. डोळे एका बाजूला वळणे, ओठ सारखे चोखल्यासारखे हलणे, सायकल चालवल्यासारखे पाय हलणे हेही झटके असू शकतात. पुढे चौथ्या महिन्यातही मान अजिबात धरत नसेल किंवा मुठी कायम आवळलेल्या असतील, तर तपासून घ्या.

प्रत्येक इजा म्हणजे हलगर्जीपणा नव्हे

सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांत कारण प्रसूतीच्या वेळचे नसते. आईला झालेला संसर्ग, फार अपुऱ्या दिवसांचे बाळ, मेंदूची घडण ही कारणेही असतात. कायदा डॉक्टरकडून चमत्कार मागत नाही. त्या परिस्थितीत एखाद्या सर्वसाधारण जाणत्या डॉक्टरने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का, एवढेच तो विचारतो.

एक उदाहरण पाहा. इजा झालेल्या बाळाचे अंग 72 तास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत करतात. पण 2021 साली प्रसिद्ध झालेल्या भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या अभ्यासात त्याने फायदा दिसला नाही, उलट मृत्यू जास्त झाले. म्हणून "आमच्या बाळाला थंड ठेवले नाही" एवढ्यावर दावा उभा राहत नाही. मात्र चार तास कोणी ठोकेच ऐकले नाहीत, किंवा सिझर ठरल्यावरही डॉक्टर आले नाहीत, हे नोंदींतून दिसले तर तो खरा प्रश्न आहे.

सरकारी दवाखाना होता, मग काय करणार?

हा आपल्या वस्त्यांतला नेहमीचा सवाल आहे. त्याचे उत्तर शेजारच्याच औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका खटल्यात मिळाले. जुलै 1963 मध्ये तिथल्या सरकारी प्रसूती रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. नंतर तिची नसबंदी झाली आणि त्या शस्त्रक्रियेत पोटात कापडाचा बोळा राहिला. दोन आठवड्यांत ती गेली. घरच्यांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने 36,000 रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शेवटी 20 फेब्रुवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. नेमका कोणत्या डॉक्टरचा हात चुकला हे ठरले नाही तरी कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणाची भरपाई शासनाने द्यायची, हे त्यात स्पष्ट झाले. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र शासन या नावाने तो निकाल वकिलांना सापडेल.

नवजात बाळाबद्दलचा मोठा निकाल चेन्नईचा आहे. 1996 साली तिथल्या सरकारी रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची, सव्वा किलोची मुलगी जन्मली. अशा बाळांचे डोळे वेळेत तपासावे लागतात हे आईवडिलांना सांगितलेच गेले नाही. मुलीची दृष्टी गेली. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या आयुष्याचा खर्च धरून एकूण सुमारे 1 कोटी 80 लाख रुपये भरपाई दिली. भरपाईचा हेतू इथे नीट दिसतो: मुलाच्या आयुष्यभराच्या सांभाळाची सोय व्हावी, हा.

कागद हाच पुरावा

केसपेपर मागणे हा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितले आहे की रुग्णाला किंवा नातेवाइकाला कागदांच्या प्रती द्याव्या लागतात. डॉक्टरांच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत कागद दिले पाहिजेत. भरती रुग्णाचे कागद तीन वर्षे जपले पाहिजेत. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. आई आणि बाळ दोघांचे कागद मागा: भरती-नोंद, पार्टोग्राफ, ठोक्यांच्या नोंदी, सिझरची नोंद, अपगार, बाळाचे सगळे कागद, पुढे पाठवल्याची चिठ्ठी. सरकारी दवाखान्यात माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो.

घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा: पाणी कधी गेले, दवाखान्यात किती वाजता पोचलो, डॉक्टर कधी आले, बाळ कधी रडले.

दवाखान्यात तोडफोड किंवा मारहाण मात्र करू नका. 2010 च्या राज्य कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग फिर्यादी आपण असायचे ते आरोपी होऊन बसतो.

दाद कुठे मागायची?

पैसे भरलेल्या खासगी दवाखान्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षे. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील नसला तरी चालते, पण अशा प्रकरणात दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचे लेखी मत बहुधा लागतेच. 1998 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूल आणि आईवडील दोघांनाही वेगवेगळी भरपाई मान्य केली आहे. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते सरकारी दवाखाने सहसा ग्राहक कायद्यात येत नाहीत. तिथे दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालय हा मार्ग आहे. राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येते, पण एका वर्षाच्या आत.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रीला, मुलाला आणि अपंग व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. दाखला हाताशी नसेल तरी आई स्त्री म्हणून आणि बाळ मूल म्हणून पात्र आहेतच. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

निकालाची वाट बघत बाळाला थांबवू नका

औरंगाबादच्या त्या घराला निकालासाठी जवळजवळ 33 वर्षे लागली. बाळाचा मेंदू मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत वेगाने शिकतो. व्यायामोपचार आजच सुरू झाले पाहिजेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते. आशाताईंना सांगून त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बाळाची तपासणी करून घ्या. अपंगत्वाचे युडीआयडी कार्ड काढा. सेरेब्रल पाल्सी असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

ज्या घरात असे मूल आहे तिथे या आठवड्यात दोन कामे करा. केसपेपरसाठी अर्ज द्या आणि बाळाला तपासणीला न्या. आणि त्या आईला दोष देणारे तोंड कोणाचेही असो, ते शेजाऱ्यांनी बंद करावे.